अण्णांची सही

अण्णा, माझे वडील, भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये तीस वर्षं मशिनवर होते. निवृत्तीनंतर आम्ही खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो, तरी काही दुखलं-खुपलं की ते कर्जतच्या त्याच जुन्या डॉक्टरांकडे जायचे. त्यामुळे मुंबईच्या तज्ज्ञांनी 'डिमेन्शिया', म्हणजे विसरण्याचा आजार, असं निदान लिहून दिलं, तेव्हा तो कागद घेऊन आम्ही आधी त्यांच्याचकडे गेलो.

डॉक्टरांनी कागद वाचला, खुर्ची अण्णांजवळ ओढली आणि सरळ विचारलं, "काका, हा आजार वाढत जाणार. पुढं तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणून आत्ताच विचारतो. कधी गिळता येईनासं झालं, तर नाकातून नळी घालायची का?"

मला रागच आला. हे असं कुणी तोंडावर विचारतं का? अण्णा मात्र शांत होते. "आदी सांगा, नळीनं मी बरा हुईन का?"

"नाही."

"मग कशाला?"

डॉक्टरांनी घाई केली नाही. पुढचे चार रविवार ते घरी आले. नळीचे, श्वासाच्या मशीनचे, दर वेळी तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचे. उत्तर बदललं नाही. एकदा अण्णा हसून म्हणाले, "तीस वर्सं मी मशिनवर हुतो. आता मशिनीला माज्यावर बसवू नका."

हे सगळं लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी करून घ्यायचं ठरलं. नेमक्या त्या दिवशी सकाळी अण्णा उठले ते आई कुठं गेली विचारत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी रडवेली होऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आज नाही तर उद्या. त्यांना चहा-नाश्ता करू दे, मग बघू."

अकरा वाजता अण्णांनी स्वतः दाढी केली. इस्त्रीचा शर्ट मागितला.

डॉक्टरही आमच्यासोबत आले. खालापूरला नोटरी करणाऱ्या वकिलांनी विचारलं, "काका, इथं कशाला आलात?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढं होऊन सांगणार, तोच डॉक्टरांनी मला हातानं थांबवलं.

"मला भुलायला हुतंय," अण्णा हळूहळू बोलू लागले. "फुडं लई हुईल. तवा पोरांनी आपसात भांडू नये म्हनून सही कराया आलोय. नळी नको, मशीन नको. दुखलं तर औषद द्या. मी घरातच ऱ्हानार. आनि मला बोलता येत नसंल, तवा ही पोरगी सांगंल तसं करा."

वकिलांनी हे शब्दही कागदात घातले, आणि अण्णांनी पूर्ण नाव लिहून सही केली, खाली रेघ ओढून. बाहेर आल्यावर म्हणाले, "भूक लागली गं." आम्ही तिघांनी वडापाव खाल्ला. मी दोन खाल्ले, डोळे पुसत पुसत.

दोन वर्षांनी अण्णांच्या छातीत कफ भरला, ताप चढला. तोवर ते कुणालाच ओळखत नव्हते. पुण्याहून धाकटा भाऊ धावत आला. "ताई, ॲम्ब्युलन्स सांगितलीय, आत्ताच्या आत्ता मुंबईला नेऊ. आयसीयूत ठेवू. नाही नेलं तर मी स्वतःला माफ करणार नाही!"

डॉक्टरांनी छाती तपासली आणि अण्णांनी सही केलेला कागद भावाच्या हातात दिला. "मशीन नको असं लिहिलंय, औषध नको असं नाही. इंजेक्शनं मी इथंच देतो. धाप वाढली तर त्यावरही औषध आहे. त्यांना त्रास होऊ देणार नाही."

भावानं कागद दोनदा वाचला. 'पोरांनी आपसात भांडू नये' या ओळीपाशी तो थांबला. मग त्यानं ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि अण्णांच्या पायाशी बसला.

डॉक्टर रोज दोनदा येत होते. पाचव्या दिवशी ताप उतरला. भावानं त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि चमच्यानं तांदळाची पेज भरवली. अण्णांनी ती सावकाश गिळली, त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "मीठ कमी हाय रं."

भाऊ फोनवर अक्षरशः ओरडला, "डॉक्टर! अण्णा तक्रार करतायत!"