क्लबला दहा नंबर हवा होता

आमच्या गावच्या रग्बी क्लबचा दहा नंबर त्या हिवाळ्याच्या अखेरीला ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तिथे त्याच्या भावाने फरशा बसवण्याचा धंदा काढला होता, त्यात हा भागीदार झाला. 'आमच्या गावच्या' असं मी सहज लिहून गेलो, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती गोष्ट, आणि मला तिथे येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. न्यूझीलंडमधलं, ख्राइस्टचर्चपासून मोटारीने दोन तासांवरचं गाव; तिथे हिवाळा जून ते ऑगस्ट. एक मुख्य रस्ता, मेंढ्यांचा बाजार, एक लहानसं हॉस्पिटल आणि एकच औषधांचं दुकान. हॉस्पिटलात माझी बायको नर्स होती. औषधांच्या दुकानात मी होतो.

रग्बीत दहा नंबर म्हणजे काय हे मला तिथे गेल्यावर कळलं. घोळक्यातून चेंडू बाहेर आला की तो आधी त्याच्या हातात जातो. लाथ मारायची, पास द्यायचा की स्वतः घुसायचं हे त्याने क्षणात ठरवायचं, आणि त्याचं चुकलं की चौदा जणांची मेहनत वाया. त्यामुळे तो गेला तेव्हा गावात सुतकच पडलं.

तेव्हा रग्बीत उघडपणे पैसे मिळत नसत. बाहेरचा खेळाडू आणायचा तर क्लब त्याला दोनच गोष्टी देऊ शकत असे: गावात एक नोकरी आणि राहायला एक खोली. म्हणून दरवर्षी सीझन संपला की कुठल्या कॉलेजातला कुठला मुलगा शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला गावात कुणाकडे चिकटवता येईल, याची चर्चा सुरू होई. मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या तालुक्यातला कबड्डीचा सगळ्यात चांगला चढाईपटू खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागला होता आणि आम्ही त्याची मिरवणूक काढली होती.

त्या वर्षी दोन नावं होती. एक शेतकी कॉलेजातला, उंच, दणकट, लांब लाथ मारणारा. दुसरा डनेडिनला शिकणारा, चणीने लहान, पण पास देण्यात तरबेज. हा दुसरा मुलगा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होता.

इथे माझं थोडं सांगायला हवं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडील सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी मला जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात ठेवून बी.फार्म. केलं. पण न्यूझीलंडमध्ये ती पदवी लगेच चालत नव्हती. पहिली परीक्षा मी दिली होती. आता एखाद्या नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली वर्षभर काम करायचं आणि मग कायद्याचा पेपर द्यायचा, तेव्हा कुठे मी फार्मासिस्ट होणार होतो. तोपर्यंत मी दुकानात शाम्पू, उन्हाचं क्रीम आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, विकत होतो. तिथल्या मुलांनाही पदवीनंतर हे वर्ष करावंच लागे. आणि आमच्या मालकांकडे एका वेळी एकाच शिकाऊ माणसाची सोय होती.

मालक साठीच्या आसपासचे, ठेंगणे, कमी बोलणारे. मला नावाने हाक मार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी 'सर'च म्हणत राहिलो. जुलैत एकदा मागच्या खोलीत खोकी उघडताना ते म्हणाले, "फेब्रुवारीपासून तुझं वर्ष सुरू करू. स्वीट अ‍ॅज?" म्हणजे 'चालेल ना?' मी म्हटलं, "येस सर." त्यांनी हात पुढे केला, मी मिळवला, आणि ते परत खोकी उघडायला लागले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पहिल्यांदा हेच म्हणाली, "लिहून दिलंय का काही?"

"नाही."

"मग दिलं कसं म्हणायचं?"

ती वाकड्यात बोलत नव्हती. आमच्याकडे नोकरी लागली असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न 'ऑर्डर हातात आली का?' हाच असतो. माझ्या थोरल्या भावाला एका शाळेच्या अध्यक्षांनी घरी बोलावून, चहा पाजून, 'सोमवारी रुजू व्हा' म्हणून सांगितलं होतं. सोमवारी तो इस्त्रीचे कपडे घालून गेला, तर वर्गावर दुसराच माणूस शिकवत होता. त्याच्या खिशात ऑर्डर होती. तेव्हापासून आमच्या घरात तोंडी शब्दाला कुणी नोकरी समजत नाही.

आणि ऑगस्टमध्ये सगळं गाव आमच्या काउंटरला टेकून दहा नंबरवर बोलू लागलं. मालक क्लबच्या निवड समितीवर होते, त्यामुळे ज्याला त्याला मत ऐकवायला तिथेच यावंसं वाटे. सगळ्यात मोठा आवाज खाटकाचा. तोही समितीवर.

"वाऱ्याच्या विरुद्ध मारतो तो शेतकी पोरगा, अर्ध्या मैदानावरून!" तो म्हणे.

"मारतो खरा," शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्या म्हणायच्या. क्लबचा गुणफलक त्यांच्याकडे असे. "पण कुठे मारतो? मागच्या वेळी चेंडू चर्चच्या बागेतून आणावा लागला."

"तुमचा तो डनेडिनवाला वाऱ्याने उडून जाईल, त्याचं काय?"

"उडू दे. उडताना पास तरी नीट देईल."

मला हे ऐकायला आवडायचं. खाटकाने एक दिवस ते वाक्य उच्चारेपर्यंत आवडायचं. तो मालकांना म्हणाला, "हे बघ, डनेडिनवाल्याचं वजन कमी आहे हे माझं मत कायम. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे. त्याला नोकरी शोधायला नको. तुझ्याकडेच वर्ष काढेल."

मी दोन हातांवर होतो, टूथपेस्टची रांग लावत. मालक गोळ्या मोजत होते. "हं," एवढंच म्हणाले आणि मोजत राहिले.

त्या 'हं'ने माझी झोप उडाली. बायको म्हणाली, "अहो, सरळ विचारा ना त्यांना."

"कसं विचारू? त्यांना संकोच वाटेल."

"त्यांना संकोच, आणि आपल्याला काय? मी हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनाही सांगते, हा डोस पुन्हा बघा म्हणून. इथे चालतं ते."

"तुझं वेगळं आहे. तुझ्या हातात ऑर्डर आहे."

माझा एक वर्गमित्र ऑकलंडला होता. ईस्ट टामाकीच्या एका गोदामात तो खोकी भरत होता, कारण त्याला हाताखाली घ्यायला कुणी फार्मासिस्ट मिळाला नव्हता. तो फोनवर म्हणाला, "नाहीच जमलं तर इकडे ये. माणसं लागतातच इथे." तो प्रेमाने बोलला होता. फोन ठेवल्यावर मात्र मला वडिलांचा चेहरा दिसत राहिला. त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं की मुलगा परदेशात औषधांच्या खात्यात आहे.

सप्टेंबरमध्ये क्लबने दोन्ही मुलांना एका मैत्रीच्या सामन्याला बोलावलं. पहिल्या अर्ध्यात शेतकी कॉलेजवाला दहा नंबरवर खेळणार, दुसऱ्या अर्ध्यात डनेडिनवाला. मैदानाच्या कडेला सगळं गाव. मी मालकांच्या शेजारी उभा होतो.

शेतकी मुलाने सुरुवातीलाच दोन अशा लाथा मारल्या की खाटकाने टोपी काढली. मग समोरच्या एका जाडजूड खेळाडूने त्याला छातीवर घेऊन असं आपटलं की आवाज आमच्यापर्यंत आला. तो उठला, पाठ झटकून पुन्हा खेळू लागला. पण त्यानंतर तो चेंडू घ्यायला दोन-तीन पावलं मागेच उभा राहत होता. डनेडिनवाल्यालाही दुसऱ्या अर्ध्यात त्याच माणसाने आपटलं, दोनदा. त्याच्या नाकातून रक्त आलं. तो जिथे उभा होता तिथेच उभा राहिला, पास द्यायच्या त्याच जागी.

सामना संपल्यावर क्लबच्या खोलीत सॉसेज, ब्रेड, बिअर. माझ्या हातात लिंबूपाणी. दोघे मुलगे आंघोळीला गेले होते, आणि समितीने लगेच वाद काढला. लाथ की पास, वजन की वेग. आवाज वाढला. मध्येच मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काहीच बोलला नाहीस. तुझं काय मत?"

मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. पण विचारलं, आणि खेळाबद्दल विचारलं, तर मला खोटं सुचेना. शिवाय जागा गेलीच असं मी मनात धरून चाललो होतो, त्यामुळे खरं बोलणं तितकंसं अवघडही नव्हतं. मी म्हटलं, "आमच्याकडे कबड्डी असते. एकदा जबर पकड झालेला माणूस पुन्हा चढाईला गेला की मध्यरेषेजवळच घुटमळतो का, हे आम्ही बघायचो. शेतकीवाला आज मागे सरकला. दुसरा सरकला नाही. मी दुसरा घेईन."

"हेच मी मघापासून ओरडतेय," बाई म्हणाल्या.

खाटकाने माझ्याकडे पाहिलं. "मेट, तू काय बोललास ते कळतंय ना तुला? तो तुझ्या दुकानात येईल."

"कळतंय," मी म्हटलं.

हात वर करायला सांगितले. बहुतेक हात डनेडिनवाल्यासाठी वर गेले. मालकांचाही गेला. तो वर जाताना पाहिला आणि मी ईस्ट टामाकीचा विचार करू लागलो.

"ठरलं तर," खाटीक मालकांना म्हणाला. "फेब्रुवारीपासून तो तुझ्याकडे."

"माझ्याकडे कसा?" मालक म्हणाले. "माझ्याकडे जागा कुठे आहे?"

"शिकाऊची जागा आहे की."

"ती भरलीय." त्यांनी ग्लासाने माझ्याकडे खूण केली. "जुलैमध्ये. आम्ही हात मिळवला होता."

खाटीक म्हणाला, "अरे, मग महिनाभर बोलला का नाहीस?"

"तुम्ही दहा नंबरबद्दल बोलत होता. दुकानाबद्दल मला कुणी विचारलंच नाही." आणि माझ्याकडे वळून, "तुला तर माहीतच होतं."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

घरी बायको पोळ्या करत होती. मी सगळं सांगितलं. तिने गॅस बारीक केला. "म्हणजे जुलैतच दिलं होतं त्यांनी?"

"दिलं होतं."

"आणि आपण कागदाची वाट बघत बसलो." ती हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. पोळी करपली ती करपलीच.

पुढचं सगळं क्लबच्या दृष्टीने वाईट झालं. हॉस्पिटलात शिकाऊची सोय नव्हती. मालकांनी स्वतः फोन फिरवले. शेवटी शेजारच्या गावातल्या औषधवाल्याकडे जागा निघाली, पण ते गाव म्हणजे आमचं जुनं वैर, आणि तो औषधवाला तिथल्या क्लबचा खजिनदार. "जागा देतो," तो म्हणाला, "पण जर्सी आमची." डनेडिनवाला तिकडे गेला. आमच्या वाट्याला शेतकीवाला आला. त्याला एका मेंढ्यांच्या फार्मवर काम मिळालं.

मार्चच्या सभेत मालकांना निवड समितीवर पुन्हा घेतलं नाही. बरीच वर्षं ते त्या समितीवर होते. दुकानात त्यांनी एवढंच सांगितलं, "आता शनिवारी बसून बघता येईल." काही बोलावं असा मी विचार करत होतो, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

मग आलेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावाशी आमच्या मैदानावर सामना झाला. डनेडिनवाल्याने आम्हाला धुतलं. तो दुसऱ्यांदा आमच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून परत येत होता तेव्हा खाटीक माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, तुझ्या मालकाचा शब्द पळतोय." मी ओशाळून हसलो. तोही हसला, पण त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं.

सामन्यानंतर तो डनेडिनवाला सॉसेजची बशी घेऊन थेट माझ्याकडे आला. "तू तोच ना, दुकानातला? कायद्याच्या पेपरचं काय करतोयस?"

"विषारी औषधांच्या नोंदीपाशी अडलोय," मी म्हटलं.

"मी तर तिथपर्यंतही नाही पोचलो. माझे मालक फक्त रग्बीवर बोलतात."

आम्ही कोपऱ्यात बसलो. जागेबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. नियमांवरून आमची खडाजंगी चालली होती तेव्हा खाटीक लांबून ओरडला, "ए, शत्रूशी काय खलबतं चाललीत?"

"परीक्षा," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

दर रविवारी एकत्र अभ्यास करायचा असं ठरलं. अडचण जागेची होती. आमच्या एकाच खोलीत बायको रात्रपाळीनंतर झोपलेली असे, आणि त्याच्या खोलीत थंडीने बोटं आखडत.

मालकांबरोबर गाडीकडे चालत जाताना मी शेवटी बोललो. "सर, त्या दिवशी तुम्ही मला सोडलं असतंत तर आज क्लब जिंकला असता. समितीही गेली नसती."

"जिंकला असता बहुतेक," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तो काय म्हणत होता कोपऱ्यात?"

मी अभ्यासाचं सांगितलं. जागेची अडचणही सांगितली.

त्यांनी कोटाच्या खिशातून दुकानाची जादा किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "मागच्या खोलीत हीटर आहे," ते म्हणाले. "जाताना बंद करा, आणि त्या पोराला सांग, बूट दाराबाहेर काढायचे. चिखल नकोय मला."