अण्णांचा डावा कान

कर्णेवाल्या अण्णांनी आयुष्यभर जुन्नर-आंबेगावच्या लोकांचे कान किटवले आणि स्वतःच्या घरात मात्र तोंडातून शब्द काढला नाही. नारायणगावात त्यांचा साउंडचा धंदा होता. लग्न असो, जत्रा असो की निवडणूक, जीपच्या टपावर दोन कर्णे बांधून अण्णा हजर. माईक हातात आला की "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" असं खणखणीत ओरडणारा हा माणूस घरी आला की मानेनं बोलायचा. चहा हवा असेल तर मान खाली-वर, नको असेल तर आडवी. त्यांची बायको, पारूमावशी, म्हणायची, "सगळं बोलणं गावाला वाटून येत्यात. आमच्या वाट्याला नुसती मुंडी."

आमचं घर पिंपरी पेंढारला. वडील आणि अण्णा जुने दोस्त, त्यामुळे आमच्याकडचं एकही कार्य अण्णांच्या कर्ण्याशिवाय झालं नाही. पुढे मी पुण्यात एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला लागले, ते त्यांचंच बघून. त्यांना याचं केवढं कौतुक! कुणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही आमच्याच लायनीतली हाय." मला मात्र त्या काळात माझी लाईन फार वरची वाटायची. काचेच्या खोलीत बसणारी माणसं आम्ही, कर्णा म्हणजे आम्हाला गोंगाट.

धंद्यातला त्यांचा एक नियम होता. "माईक तोंडाला लावायचा. लांब ठिवला की कर्णा शिट्टी मारतो." मंत्री असो की नवरदेव, अण्णा पुढे होऊन त्याच्या ओठाला माईक टेकवून येत. या नियमानं त्यांना जन्मभर तारलं आणि एकदाच, पण पुरतं, बुडवलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पारूमावशीचं माहेर तळेघरचं. तिथे तिची आई अजून जात्यावर नाचणी दळायची आणि लेक माहेरी आली की दोघी समोरासमोर बसून ओव्या म्हणायच्या. आईनं ओळ उचलायची आणि लेकीनं पुरी करायची, अशी त्यांची रीत. अण्णांनी एकदा दोन माईकचा टेपरेकॉर्डर कुठूनसा मिळवला, जीपच्या बॅटरीवर चालवला आणि त्या ओव्या भरून घेतल्या. स्वतः पारूमावशीच्या मागे भिंतीला टेकून बसले. आणि सवयीप्रमाणे आढ्याला सुतळी बांधून एक माईक आईच्या ओठांशी सोडला, दुसरा लेकीच्या. तिथे कर्णा नव्हता, शिट्टी मारायला काही नव्हतं, पण हात सवयीचे गुलाम. त्यामुळे झालं असं की आईचा आवाज सगळा उजव्या बाजूला भरला गेला आणि लेकीचा सगळा डाव्या. एकीचा आवाज दुसरीकडे जवळपास गेलाच नाही.

त्या कॅसेटमधली एक ओवी मला पाठ आहे. आई म्हणते, "जावई माझा बाई, त्याचा गावभर आवाज," आणि पारूमावशी लगेच, "घरामंदी बाई त्याचा मुक्याचा रिवाज!" मग दोघी हसतात, जातं थांबतं आणि पारूमावशी मागे वळून विचारते, "ऐकलं का वं?" पुढे टेपात काहीच नाही. कॅसेट नारायणगावच्या घरात वाजली की ती हमखास टोमणा मारायची, "मुंडी हलवली आसंल. टेपात मुंडी येती व्हय?" अण्णा यावरही मुंडीच हलवायचे.

कर्ण्याजवळ उभं राहून अण्णांचा उजवा कान आधी गेला. नस मेली, आणि डावाही त्याच वाटेवर आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पारूमावशीची आई तोवर गेली होती. मग पारूमावशीही गेली, पंधरा दिवसांच्या तापात. मी भेटायला गेले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. मला मानेनंच बस म्हणाले. निघताना मात्र कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, डावा हाय तवर ह्या दोघींना ऐकायचंय."

मी सीडी करून दिली, प्लेअर दिला, कान पुरते झाकणारा चांगला हेडफोन दिला. घर हायवेला लागून, दिवसभर टोमॅटोचे ट्रक, स्पीकरच्या पेटीवर लावलं तर ट्रकच ऐकू येत आणि मोठं करावं तर अण्णा म्हणत, "गावाला लई तरास दिला, आता बास झाला." हेडफोन लावला आणि ती जुनी चूक उघडी पडली. डाव्या कानात नुसती पारूमावशी. तिची ओवी अर्धी, तिचं हसणं कुणाला तरी उत्तर म्हणून, पण ज्याला उत्तर ते गायब. हेडफोन उलटा लावला की आई यायची आणि लेक जायची.

मी हुशारी केली. दोन्ही आवाज एकत्र कालवून दुसरी सीडी दिली. अण्णांनी ऐकून हेडफोन काढला. "ह्या दोघी एकाच तोंडानं बोलाया लागल्या की. पारू माझ्या म्होरं बसली व्हती, सासूबाय जात्यापल्याड. हितं दोघीबी माझ्या छातीवर बसल्यात." मला तेव्हा हसू आलं. एका कानाच्या माणसाला अल्याड-पल्याड काय कळणार, असं वाटलं मला.

पुण्यात मी चौकशी केली तेव्हा क्रॉसफीड हा प्रकार नीट समजला. खोलीत बसल्यावर उजवीकडचा आवाज डाव्या कानालाही पोचतो, क्षणभर उशिरा, जरा दबून. हेडफोन ती वाटच बंद करतो. क्रॉसफीडची सोय असलेला अँप्लिफायर ती वाट हवी तेवढी किलकिली करतो. म्हणजे अण्णांच्या डाव्या कानात पारूमावशी जवळून आली असती आणि आई जात्यापलीकडून. दुकानात दोन यंत्रं होती. एक करड्या रंगाचा डबा, त्याला क्रॉसफीडचं बटण. दुसरं व्हॉल्व्हचं, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचं, ते बटण नसलेलं पण देखणं, ज्याची सगळे रसिक तारीफ करत. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जाणकार माणूस क्रॉसफीडला हात लावत नाही. आवाज गढूळ होतो." मी दोन्ही लावून पाहिली. व्हॉल्व्हचा आवाज असा होता की माझ्याच अंगावर काटा आला. मी तेच घेतलं. पुढे स्वतःला पुष्कळ कारणं दिली. खरं एवढंच की मी ते माझ्या दोन धडधाकट कानांसाठी निवडलं आणि एका दुकानदारासमोर अडाणी दिसायला मला लाज वाटली.

अण्णा व्हॉल्व्ह पाहून हरखले. त्यांचं पहिलं मशीनही तसंच होतं म्हणे. काचेजवळ तळवे धरून म्हणाले, "ऊब हाय राव याला." आवाज कसा आहे विचारलं तर मान खाली-वर. मी खूश होऊन परतले.

चार महिन्यांनी न कळवता गेले. दुपार होती, दार उघडंच होतं. अण्णा पाठमोरे बसले होते, आणि ते काय करत होते ते मला आधी कळेचना. हेडफोन डोक्यावरून उचलायचे, उलटा करून पुन्हा चढवायचे, थोडं थांबायचे, पुन्हा उचलायचे. मग लक्षात आलं. आईची ओळ संपली की ते हेडफोन फिरवत होते, लेकीची ओळ धरायला. प्रत्येक वेळी हात थोडा मागे पडायचा आणि लेकीचा पहिला शब्द निसटायचा. सत्तरीचा माणूस, दोन बायकांच्या मधे धावत होता. मी दारातच रडले.

"अण्णा, सांगितलं का नाही?"

"तू येवढ्या हौसंनं आणलंस." मग, "आन् मला वाटलं, तू शिकल्याली, तुला म्हाईत आसंल. माझाच कान कमी पडतोय."

हे वाक्य मला अजून टोचतं. मी ते यंत्र तिथल्या तिथे उचललं. दुकानात करडा डबा राहिला नव्हता, मागवावा लागणार होता. त्यात माझं काम, मग माझं आजारपण, मग आज जाऊ उद्या जाऊ. पाच-सहा महिने गेले. खोटं कशाला बोलू, त्यातले निम्मे दिवस माझ्या आळसाचे होते.

करडा डबा घेऊन गेले तेव्हा अण्णांनी माझं तोंड बघून बोलणं ओळखलं. डावा कानही बसत आला होता. मी सगळं जोडलं, हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला, आवाज वाढवला आणि क्रॉसफीडचं बटण हळूहळू फिरवत गेले. अण्णांनी डोळे मिटले. मग त्यांचा हात उठला आणि समोर हवेत थांबला.

"पारू हितं हाय," ते म्हणाले. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. हात आणखी पुढे गेला. "आन् तिकडं... तिकडं बी कोण तरी हाय. पल्याड." मग माझ्याकडे वळून, "शब्द कळत न्हाईत गं. घरघर कळती. पर दोघी हायत ना?"

"दोघी आहेत अण्णा," मी मोठ्यानं म्हणाले आणि मानही हलवली.

आधीच हा डबा आणला असता तर शब्दही मिळाले असते. हे मी त्यांना तेव्हा बोलून दाखवलं नाही आणि पुढे सांगायला ते राहिले नाहीत. त्याच हिवाळ्यात गेले.

पण त्या दुपारी हेडफोन त्यांनी काढू दिला नाही. प्लेअरवरचे आकडे सरकत होते, त्यावरून मला कळत होतं आतमध्ये कुठली ओवी चालू आहे. जावयाची आली. आईची ओळ झाली, लेकीची झाली. अण्णांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हसणं झालं असेल, जातं थांबलं असेल. त्यांना त्यातलं काय ऐकू आलं आणि काय नुसतं आठवलं, देव जाणे. त्यांनी मान हलवली नाही.

"ऐकलं," अण्णा म्हणाले. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली, एवढ्या मोठ्यानं. "पारू, ऐकलं."