मी गाळलेल्या मर्यादा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाच्या मॅडमनी मला सॉफ्टवेअर इकोसिस्टिमवर झालेल्या संशोधनाचा आढावा वर्गात मांडायला सांगितला. तो जमला तर प्रकल्पाचा विषय मी निवडायचा, नाही तर इतरांसारखंच ग्रंथालयाच्या नोंदींचं ॲप करायचं, असं ठरलं. मला ते ॲप नको होतं.

इकोसिस्टिम म्हणजे काय, हे मला माझ्या हजेरीच्या छोट्या ॲपमधून कळलं होतं. त्यासाठी मी थोडी तयार पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेले कोडचे तुकडे, घेतली होती. त्यांनी दुसरी घेतलेली, दुसऱ्यांनी आणखी. फोल्डर उघडलं तर यादी संपेचना. कुठल्यातरी देशात कुणीतरी तारखा नीट मांडणारा तुकडा लिहिला होता, आणि राणीसावरगावच्या एका मुलीच्या ॲपमध्ये तो निमूट चालत होता. त्या माणसाला हे ठाऊकही नसणार.

सुट्टीत वडिलांना सांगितलं. ते गवंडीकाम करतात. सगळं ऐकून म्हणाले, "समदं दुसऱ्यांचंच हाय म्हण की. मग तू काय करायलीस?" आई हसली.

मग मी शोधनिबंध वाचू लागले. इंग्रजी जड जायचं, एकेक परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागे. कोणतं पॅकेज कशावर उभं आहे, एक बिघडलं तर झळ कुठवर पोचते, याचे लोकांनी नकाशे काढले होते. त्यांत मी माझ्या ॲपमधली पॅकेजं शोधायचे.

आढावा मांडून झाल्यावर मॅडमनी विचारलं, निबंधांच्या शेवटी मर्यादा लिहिलेल्या असतात, त्या कुठे गेल्या?

त्या मी मुद्दाम गाळल्या होत्या. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या उणिवा चारचौघांत वाचणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं. अडखळत तसं सांगितलं, तर वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"त्यांनीच लिहून ठेवल्यात ना? मग वाच की."

मी तिथंच वाचू लागले. एका निबंधात लिहिलं होतं, आम्ही मोठ्या इकोसिस्टिमच पाहिल्या, कारण त्यांचीच माहिती सहज मिळते. दुसऱ्यात होतं, पॅकेज सांभाळणारा माणूस काम का सोडतो, हे आकड्यांवरून कळत नाही. एकामागून एक निबंध तेच सांगत होता, की हे आम्हाला अजून माहीत नाही. शाळेत असं म्हटलं की बाकावर उभं करायचे. इथं ते लिहिणाऱ्यांच्या नावांनिशी छापलेलं होतं.

यातलं तुला काय शोधायचंय, असं मॅडमनी विचारलं.

"आमच्यासारखी मुलं हे सगळं वापरतात," मी म्हणाले. "ते कुणी लिहिलंय, हे त्यांना माहीत असतं का? मला नव्हतं."

"कुणाला विचारशील?"

"आधी या हसणाऱ्यांना."

मॅडमनी प्रकल्पांच्या यादीत माझ्या नावापुढचं 'ग्रंथालय' खोडलं. पुढच्या बाकावरच्या मुलानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "माझ्या ॲपचं फोल्डर बघ आधी," तो म्हणाला. सुरुवात कुठून करायची, हे मला कळत नव्हतं. मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले.