तातूकाकांची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

शिवाजी पार्कजवळच्या आमच्या गल्लीवर झाडांची कमान आहे. वाचनालय, दवाखाना, फुलवाला, मैदान — कशालाच वाहन लागत नाही. नायगावच्या चाळीतून बाबांना इथे आणलं तेव्हा वाटलं, त्यांच्यासाठी केलं. खरंच त्यांच्यासाठी?

त्यांना इथे एकच गोष्ट हवी असायची — तातूकाका. चाळीतले शेजारी, गिरणीतले जोडीदार. रोज संध्याकाळी ते नायगावहून चालत यायचे आणि बेल न वाजवता, चाळीत मारायचे तशी खालूनच हाक मारायचे. “ए बाबल्या, आसंस मां रे घरात?”

“खंय जातलंय? थांब, इलंय!” बाबा खिडकीतून ओरडायचे. मग दोघं मैदानाच्या कट्ट्यावर.

आमच्या गल्लीत असं कुणी ओरडत नाही. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक एकदा जिन्यात म्हणाले, “तुमचा गिरणीचा भोंगा वेळेवर वाजतो हो!” हसून म्हणाले, रागाने नाही. पण माझे कान तापले. मी ऑफिसात साहेब, दारावर बाबांच्या पूर्ण नावाची पाटी — आणि खाली कुणीतरी ‘बाबल्या’ म्हणून बोंबलतंय!

पुढे बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना माणसांत बसू द्या, बोलू द्या. आणि मी — मी तातूकाकांना फाटकातच गाठलं. सांगितलं, डॉक्टरांनी बाबांना बोलायला बंदी केलीय. दम लागतो. काका, आता येऊ नका. हाक तर मारूच नका.

त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. चपलांचा आवाज होऊ न देता परत फिरले.

बाबा मात्र रोज संध्याकाळी शर्ट चढवून खिडकीशी बसायचे. “तातू इलो नाय?” मी म्हणायचो, चाळ पाडतायत, काका मुलाकडे गेले असतील. एकदा ते पुटपुटले, “माका सांगान तरी जावचा होता.” मी पेपर उघडला. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. नायगाव काय परदेशात होतं? गाडी काढून काकांना घेऊन यायला मला कुणी अडवलं होतं?

बाबा गेले त्या सकाळी तातूकाका आले. जिन्याचा कठडा धरून, गुपचूप. बाबांच्या पायांवर हात ठेवून बराच वेळ बसले. उठताना त्यांनी माझा हात हातात घेतला.

“बरा केलंस झिला, माका सांगितलंस ता. नायतर माझ्या बडबडीनच तो आधी गेलो असतो.”

मी मान हलवली — हो म्हणून.