फेट्याविनाची माणसं

गेल्या बारा वर्षांत मी काढलेल्या एकाही म्हाताऱ्याच्या डोक्यावर फेटा नाही. अकोल्यात, अमरावतीत, मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांच्या बैठकीत माझी या काळातली चित्रं टांगलेली आहेत, आणि त्यातले सगळे दिवंगत वडील एकतर बोडक्या डोक्यानं नाहीतर टोपी घालून बसलेले आहेत. कोणी फेट्यातला फोटो घेऊन आलं की मी त्याला पटवतो. तुमच्या वडिलांचं कपाळ केवढं भव्य होतं, ते झाकायचं कशाला? लोक ऐकतात. गेलेल्या माणसाचं कपाळ भव्य होतं म्हटलेलं कोणाला आवडत नाही?

खरं कारण एवढंच की मला फेटा काढता येत नाही. चेहरा येतो. डोळे, सुरकुत्या, ओठांच्या कडेचा हट्टीपणा, सगळं येतं. शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं आहे, हात काही कच्चा नाही. पण फेटा काढायला घेतला की माणसानं डोक्यावर पत्ताकोबी ठेवल्यासारखं दिसतं.

पूर्वीच्या माझ्या चित्रांत मात्र फेटे आहेत, आणि ते पाहायला माणसं थांबतात. ते फेटे माझे नाहीत. ते बाळापूरच्या एका पेंटरचे आहेत. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या आजोबांचा पागोट्यांचा धंदा होता, त्यामुळे कापडाची घडी त्याला जन्मापासून ओळखीची. मी चेहरा पूर्ण करायचो, कपाळाच्या वर पांढरं कॅनव्हास तसंच सोडायचो आणि चित्र बसमध्ये घालून त्याच्याकडे न्यायचो. तो अंगणात माठ पालथा घालायचा, त्यावर खराखुरा फेटा बांधायचा आणि तो समोर ठेवून रंगवायचा. बांधण्याआधी फोटो बराच वेळ बघायचा. एकदा म्हणाला, हा माणूस डाव्या हाताचा होता, फेट्याचा पेच उलटा गेला आहे. मी त्या घरी विचारलं, तर खरंच तसं होतं.

मग फ्लेक्स आले आणि त्याच्या पाट्या बंद पडल्या. मुलानं मोबाइलचं दुकान टाकलं, त्याची पाटीसुद्धा फ्लेक्सची. ब्रशाचं असं त्याच्या हातात एकच काम उरलं, माझ्या चित्रांतले फेटे. मी त्याचा मोबदला हातोहात देत असे आणि कोपऱ्यात स्वतःची सही करत असे. यात काही चुकतं आहे असं मला कधी वाटलं नाही, त्यालाही वाटत नसेल असं मी धरून चाललो.

मोर्शीकडे मोठी बाग आणि अमरावतीत बंगला असलेले एक गृहस्थ माझे आश्रयदाते होते. त्यांनी आजोबा, वडील, काका असे तिघे माझ्याकडून काढून घेतले आणि सोयऱ्याधायऱ्यांनाही माझ्याकडे पाठवलं. एका वर्षी त्यांनी घरोघरची ही चित्रं गोळा करून अमरावतीच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. मी पेंटरला सोबत नेलं. तो नवा शर्ट घालून आला आणि तिसऱ्या रांगेत बसला.

गृहस्थांनी माईक हातात घेतला. चेहरे तर छान आहेतच, म्हणाले, पण आमच्या आजाचा फेटा पाहा, सोडून डोक्याले गुंडाळावा वाटते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गुरुजी, हात कसा बसला हो तुमचा फेट्यावर?"

मी हात जोडले आणि म्हणालो, "सवयीनं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेंटरनंही वाजवल्या, मी पाहिलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोन-अडीच तास शेजारी शेजारी बसलो होतो. मी हॉलमधल्या उजेडाबद्दल बोललो, जेवणातल्या वांग्याच्या भाजीबद्दल बोललो, निवडणुकीबद्दलही बोललो. त्यानं गृहस्थांनी दिलेलं संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं. मूर्तिजापूर गेल्यावर त्यानं डोळे मिटले. मला हायसं वाटलं, हे आज कबूल करतो.

महिन्याभरानं मी पुढचं चित्र घेऊन गेलो. त्यानं चहा पाजला, चित्र पाहिलं आणि आता नजर काम करत नाही म्हणाला. मी आलो तेव्हा तो चष्म्याशिवाय पेपर वाचत होता. मला राग आला. एवढंसं काय ते, असं पुटपुटत मी चित्र काखेत मारून निघालो, आणि पुन्हा गेलो नाही. अकोला ते बाळापूर तासाभराचाही रस्ता नाही, पण तो माझ्यानं बारा वर्षं कापवला नाही.

या बारा वर्षांत चित्र पूर्ण झाल्यावर दाखवावं असं कोणी उरलं नाही. आमच्याकडच्या चित्रकारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर चित्रं कमी आणि वाढदिवस जास्त. चित्र टाकलं की अंगठे येतात. हा माणूस डाव्या हाताचा होता, असं कोणी सांगत नाही. मी फार एकटा पडलो, आणि तेही स्वतःच्या हातानं.

या हिवाळ्यात ते गृहस्थ गेले. मुलगा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, फेट्याशिवाय आमचे बाबा बाबा वाटणारच नाहीत. कपाळाचं माझं भाषण इथं चालणार नव्हतं. चेहरा आठ दिवसांत झाला. फेटा मी तीनदा काढला आणि तीनदा खरवडला. शेवटी चित्र घेऊन बाळापूरची बस धरली.

तो अंगणात बाजेवर बसला होता. दोन वर्षांपूर्वी लकवा होऊन उजवा हात गेला होता, आणि मला ते माहीतही नव्हतं. त्यानं चित्र मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. चेहरा चांगला उतरला म्हणाला. तेव्हा मी बोललो. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझं नाव घ्यायला हवं होतं, चुकलं माझं, असं सगळं सांगून टाकलं.

त्यानं चित्र हळूच बाजूला ठेवलं. "सगळ्याईसमोर कायले, गुरुजी?" तो म्हणाला. "बसमधी मले एकट्याले म्हटलं असतं, तरी पुरलं असतं."

मग त्यानं सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

चार दिवसांनी गृहस्थांचा मुलगा चित्र न्यायला आला. मी त्याला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं, की तुमच्या घरातले तिन्ही फेटे माझे नाहीत, ते अमक्याचे आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मी ते दुसऱ्या कोणापुढे बोलत होतो. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "पण मंग बाबाचा फेटा कधी होईन, काका?"

होणार नाही म्हणालो. त्यानं फोटो परत मागितला. कुठल्याशा स्टुडिओतून मोठा करून फ्रेम करून घेतला, असं नंतर कळलं.

चित्र माझ्याच खोलीत आहे. कपाळाच्या वर पांढरं आहे. कोपऱ्यात पेंटरचं नाव लिहावं असं रोज मनात येतं, पण या चित्राला त्याचा ब्रश कुठंच लागलेला नाही.