किडा पाहिजे, किडा नको

सरकार ऑर्गनी भाजीला सबसिडी देते, असे मुलाने सांगितले तेव्हा मला वाटले, वाजवायचा ऑर्गन. मुंबईला आमच्या कीर्तनात एक होता. त्याचा भाजीशी काय संबंध, ते कळेना. मुलगा हिब्रूत म्हणाला, "इमा, औषध न मारलेली भाजी." इमा म्हणजे आई. औषध मी कधीच मारत नसे, कारण ते महाग. त्याला नाव आहे आणि त्याचे पैसेही मिळतात, हे मला ठाऊक नव्हते.

इस्रायलात किर्यात मलाखी गावाजवळच्या आमच्या मोशावमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या वसाहतीत, घरामागे माझा मेथी-कोथिंबिरीचा तुकडा होता. डिमोना गावचे आपले मराठी ज्यू लोक बसने येऊन जुड्या घेऊन जात. नवरा वारल्यावर मुलाच्या डोक्यात आले, की तिथे पाहुण्यांना भाड्याने द्यायला खोल्या बांधाव्यात. सिमेंटच्या गोण्या आणून वाफ्याच्या कडेला रचल्यासुद्धा. मी भांडले. शेवटी ठरले, सबसिडी मिळाली तर मेथी, नाही तर खोल्या.

सबसिडीची अट अशी, की माल दुकानात विकला पाहिजे. दुकानदार म्हणाला, कश्रुतचा कागद आणा, म्हणजे आपल्या धर्माप्रमाणे खायला चालते असा दाखला. मुलाला फॅक्टरीतून एकच सुटी मिळत होती, म्हणून त्याने सबसिडीच्या आणि कश्रुतच्या, दोन्ही तपासनिसांना एकाच सकाळी बोलावले.

शेतकी खात्याचा माणूस अर्ध्या चड्डीत आला आणि वाफ्यात गुडघे टेकून शोधू लागला.

"सावता, किडे कुठे आहेत?" सावता म्हणजे आजी. इथे म्हातारीला कोणीही सावता म्हणतो. "किडा नाही म्हणजे तू चोरून औषध मारतेस."

"औषध परवडलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

एवढ्यात काळ्या कोटातला कश्रुतचा माणूस आला. तोही समोरून गुडघे टेकून किडेच शोधू लागला.

"सावता, एक जरी सापडला तरी कागद विसर. डुक्कर खाल्लं तर एक पाप, किडा खाल्ला तर पाच."

दोघे माझी मेथी तुडवत पुढे सरकले आणि डोक्याला डोके लागले. मधल्या पानावर काळा ठिपका होता.

"किडा!" चड्डीवाला खुशीत ओरडला.

"किडा असेल तर मी चाललो," कोटवाला म्हणाला.

"माती आहे हो ती," मुलगा त्याला म्हणाला.

"माती? मग माझी सही नाही," चड्डीवाला म्हणाला.

"नाही, नाही, किडाच आहे!"

"किडा आहे ना? शालोम," म्हणत कोटवाला निघाला.

"थांबा, माती आहे!"

माझा मुलगा, दोन पोरांचा बाप, सांडलेल्या दुधाभोवती मांजर फिरावे तसा त्या दोघांभोवती फिरत होता. शेवटी कोटवाल्याने खिशात हात घातला. भिंग काढत होता. मी ते पान खुडले, तोंडात टाकले आणि चावले.



कोटवाला उभा राहिला. गुडघे झाडत म्हणाला, "डोक्याला रुमाल बांधणारी, धर्म पाळणारी म्हातारी जाणूनबुजून किडा खाणार नाही. माती होती."

"मी डोळ्यांनी बघितलाय," चड्डीवाला म्हणाला. "पाय होते त्याला."

दोघांत पेन एकच होते. आधी कोटवाल्याने सही केली, मग त्याच पेनाने चड्डीवाल्याने.

ते गेल्यावर मुलगा घाबरून चक्क मराठीत बोलला. "आई, खरं सांग, किडा होता?"

"मला काय माहीत? चष्मा घरात होता."

"मग खाल्लंस कशाला?"

"तो भिंग काढत होता."

सिमेंट त्याने उचलले नाही, मीही सांगितले नाही. हिवाळ्याच्या पावसात त्या गोण्या दगड झाल्या. बसायला बऱ्या आहेत. मी त्यांच्यावर बसून मेथी निवडते, चष्मा लावून.