बंद खोलीला नकार

धाकटी सून घरात आली तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "पोरगी गुणाची आहे, पण सदा तोंडात मिठाची गुळणी!" सासूबाईंची हयात बाजारात भाजी विकण्यात गेलेली. त्यांच्या आवाजानं झोपलेलं पोर दचकून उठायचं. न बोलणारं माणूस म्हणजे त्यांना कोडंच. सून मात्र आपण बरं नि आपलं काम बरं अशी. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या रोलरवर होती. ओलसर चादर एका बाजूनं आत सरकवायची, की पलीकडून ती कडक, गरम होऊन बाहेर यायची.

रोलरच्या तोंडाशी बोटं जाऊ नयेत म्हणून जाळी असते. जाळीत चादर अडकते, काम रेंगाळतं, म्हणून मॅनेजरनं ती काढायला लावली होती. एका सकाळी चादरीच्या दुमडीबरोबर सुनेचा उजवा हात आत ओढला गेला. शेजारी घड्या घालणाऱ्या बाईनं धावत जाऊन मशीन बंद केलं, पण दोन बोटं वाचली नाहीत.

तीच घडीवाली दवाखान्यात भेटायला आली. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाली, "तू पहिली नाहीस गं. याच मशीननं आधी एकीचा अंगठा घेतला."

"मग आम्हाला कसं कळलं नाही?" सुनेनं विचारलं.

"लवादापुढे मिटवलं. बाहेर ब्र काढायचा नाही, अशी अट घातली. ती गपचूप काम सोडून गेली."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब फळांची पिशवी घेऊन हजर. आवाज अगदी लोण्यासारखा. "कोर्टाचा विचारही करू नका हं. कामावर लागताना तुम्ही करारावर सही केलीय. कसलाही वाद असो, लवादाकडेच जायचं. लवाद आम्ही नेमतो. बंद खोलीत सगळं शांतपणे होतं, तुम्हालाही त्रास नको."

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मिटवून टाक बाई. त्यांच्यापुढे आपला काय टिकाव लागणार?"

सुनेनं पट्टी बांधलेला हात उशीवर नीट ठेवला. "आई, त्या अंगठा गेलेल्या बाईला बोलू दिलं असतं, तर माझी बोटं राहिली असती. मी बंद खोलीत जाणार नाही."

सासूबाईंनी पिशवीतलं एक संत्रं घेतलं. त्या ते सोलत बसल्या. मग ते कुणी आणलंय हे आठवलं आणि पिशवीच उचलून त्यांनी बाहेर आयाबाईला देऊन टाकली.

कामगार संघटनेच्या वकीलबाईंनी धीर दिला. नवा कायदा झाला होता: कामावरच्या दुखापतीच्या दाव्यात, आधीच घेतलेल्या सहीनं कामगाराला लवादाकडे जायची सक्ती करता येत नाही. वाद उभा राहिल्यावर त्यानं आपखुशीनं लवाद निवडला, तर गोष्ट वेगळी.

कोर्टात कंपनीचा वकील करार फडकावत म्हणाला, "सही यांचीच आहे. कुणी हात धरून करून घेतलेली नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "सही केली नसती, तर यांना काम दिलं असतंत?"

वकील घुटमळला. "नियमाप्रमाणे... नाही."

"मग आपखुशी कुठे राहिली? खटला इथेच चालेल. उघड."

पुढे साक्षीचा दिवस आला. सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून पुढच्याच बाकावर बसल्या. सून उभी राहिली. आवाज बारीक, पण एकदाही अडखळला नाही. जाळी कुणी काढायला लावली, कोण काय म्हणालं, हात ओढला जाताना काय वाटलं, सगळं तिनं सांगितलं. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "तुमचंच लक्ष नव्हतं, असं नाही का?" ती म्हणाली, "साहेब, लक्ष माणसाचं असतं, ते कधीतरी चुकतं. म्हणून तर जाळी असते." मागच्या बाकांवर लाँड्रीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांच्यात कुजबुज झाली. सासूबाईंना राहवलं नाही. शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कोपरानं ढोसून त्या म्हणाल्या, "माझी सून आहे ती!" शिपायानं डोळे वटारले, तरी त्यांचा चेहरा खुललेलाच.

निकाल सुनेच्या बाजूनं लागला. भरपाई मिळालीच, पण ती घरी आधी दुसरंच सांगत आली: सगळ्या मशीनना जाळ्या बसल्या, आणि अंगठा गमावलेल्या बाईनंही वकीलबाईंना गाठलं.

सून पुन्हा लाँड्रीत जाऊ लागली. आता रोलरवर नाही; नव्या मुलींना काम शिकवायला. परवा घडीवाली चहाला आली होती, तिनं सांगितलं, "एका जाळीचा स्क्रू ढिला होता. हिनं मशीन सुरूच करू दिलं नाही. मॅनेजर घड्याळ बघत उभा, आणि ही म्हणते, थांबा."

"थांबला?" सासूबाईंनी विचारलं.

"न थांबून सांगतो कुणाला!"

सून लाजून आत दूध बघायला गेली. सासूबाईंनी घडीवालीचा कप पुन्हा भरला आणि म्हणाल्या, "हं, आता पहिल्यापासून सांग. ती नेमकी कुठे उभी होती?"